आधी कोपरे

एक्सरेभाऊ कोणतेही चित्र मधून पाहत नसत. छातीची फिल्म असो, भाताच्या पानाचा फोटो असो किंवा कुणाच्या घरची लग्नपत्रिका असो, त्यांची नजर प्रथम वरच्या डाव्या कोपऱ्यात जाई आणि तिथे इतकी रेंगाळे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटावे, सारा विषय त्या कोपऱ्यातच दडून बसला आहे. मग उजवा कोपरा, मग खालचे दोन, मग चारही कडा, बोट न टेकवता, हवेतूनच चाचपल्यासारख्या. चित्राचा मध्य, म्हणजे ज्यासाठी ते काढलेले असे तो भाग, सर्वांत शेवटी. एकदा मी वैतागून म्हटले, "भाऊ, फुप्फुस मध्ये आहे, कोपऱ्यात नाही." फिल्मवरून नजर न काढता ते म्हणाले, "मधलं सगळ्यास्नी दिसतंय, ताई. ते कुटं पळून जात न्हाई. कडंचं बगायचं राहून जातं."

त्यांच्यासोबत मी तीन हंगाम काम केले. त्या काळात मी जितके उसासे टाकले, तितके आयुष्यातल्या उरलेल्या सगळ्या माणसांपायी मिळून टाकले नसतील.

भाऊ मूळचे मावळातले, भाताच्या चिखलात वाढलेले. पुढे देहूरोडच्या छावणीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सबंध नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर ते तळेगावच्या आमच्या केंद्रात आले. केंद्र म्हणजे एका सोसायटीतला बैठा बंगला. दर्शनी खोलीत टेबले, आतल्या खोलीत अखंड गुणगुणणारी यंत्रे, आणि दोन्ही खोल्यांत तापलेल्या प्लास्टिकचा व ओल्या भिंतींचा एकमेकांत मिसळलेला वास. आमचे सर, म्हणजे हे केंद्र उभे करणारे संशोधक, संगणकाला चित्र पाहून रोग ओळखायला शिकवत होते. एकीकडे छातीचे एक्स-रे, दुसरीकडे भाताची पाने. "डाग तो डागच," सर म्हणत. "फुप्फुसावर असो की पानावर, पाहायला शिकवण्याची रीत एकच." रीत अशी, की हजारो चित्रे गोळा करायची, प्रत्येकावर माणसाने 'निरोगी' किंवा 'रोगट' अशी खूण करायची, आणि ती सगळी यंत्रापुढे ठेवायची. मग दोहोंतला फरक यंत्र स्वतःच शोधून काढते. कोणता फरक शोधला, हे मात्र ते सांगत नाही.

मी मराठी कविता शिकून आलेली. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दिसणारी वाक्ये लिहिण्यासाठी मला घेतले होते. पुढे पानांचे फोटो काढण्याचे कामही माझ्याकडे आले, आणि ते मला मनापासून आवडले. नेमणूक तात्पुरती होती. माझ्या फोटोंवर यंत्र नीट शिकले, तर हंगामाच्या अखेरीस ती कायम होणार होती. आणि हे फोटो वापरण्याजोगे आहेत, अशी सही करण्याचे काम सरांनी नेमके एक्सरेभाऊंवर सोपवले होते.

फोटो काढताना भाऊ माणसाला जे सांगत आले, तेच पानालाही सांगत. छावणीतल्या नोकरीने त्यांच्या जिभेवर बसवलेली हिंदी होती ती. "साँस लो. रोको. छोडो." तिकोणा पेठ गावाच्या खालच्या खाचरांत पवनेकडून वारा येई, इंद्रायणी भाताची रोपे अंगभर शहारत, आणि हा गृहस्थ घोटाभर चिखलात उभा राहून त्यांना श्वास रोखायला सांगे. पहिल्या दिवशी मी हसले. पुढे हसू ओसरले आणि उरली ती चीड. कारण त्यांनी 'रोको' म्हटले की माझाही श्वास थांबे, त्या खाचरांच्या मालकीणबाई हिरामावशी बांधावर बसलेल्या असत, त्यांचाही थांबे, आणि 'छोडो' म्हणायला भाऊ अंमळ विसरत.

"आवो भाऊ, मी मरंन ना हितं," मावशी एकदा म्हणाल्या.

"मरताय कशापायी? पान हाललं हुतं. परत काढा, ताई."

'परत काढा' हे त्यांचे दोन शब्द मला झोपेतही ऐकू येऊ लागले होते. दवाखान्यात एक्स-रे बिघडला, की तो का बिघडला हे वहीत लिहून मगच दुसरा काढायचा, अशी त्यांची सवय. तशीच वही त्यांनी केंद्रातही सुरू केली. ठळक, उभ्या, शाळेत गिरवलेल्या अक्षरांत तीन रकाने: क्रमांक, कारण, सही. कारण: पान हलले. कारण: सावली पडली. कारण: ताईंचा अंगठा. माझ्या अंगठ्याने त्या वहीत जवळजवळ एक पान व्यापले होते. सही त्यांची एकट्याची चालत नसे. ज्याने चित्र काढले, त्यानेही शेजारी सही करायची. मी करी, आणि पेन टेबलावर जरा जोरातच ठेवी.

मला सर्वांत अधिक झोंबले ते त्यांचे एक कौतुक. माझे फोटो खरोखर सुंदर येत. लोणावळ्याहून पहाटेची गाडी धरून, कामशेतला उतरून मी पेठेत पोहोचे, तेव्हा तिकोणा किल्ल्याच्या माथ्यावरचे धुके अजून सुटलेले नसे. पानांच्या कडांवर दवाचे मणी ओळीने बसलेले, हिरव्या रंगाला आतून उजेड फुटलेला, आणि पायांखाली चिखलाचा थंड, गोडसर वास. एका दुपारी भाऊंनी ते फोटो पडद्यावर एकामागून एक पाहिले, नेहमीप्रमाणे कोपऱ्यांपासून, आणि म्हणाले, "लय देखणे आलेत." मी सुखावले. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "देखणा एक्स-रे म्या जल्मात कधी काढला न्हाई."

त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती, आणि तिच्यापायी सर आणि ते दोन महिने एकमेकांशी तुटक बोलत होते. निरोगी आणि रोगट यांच्या जोडीला भाऊंना तिसरा खण हवा होता: 'सांगता येत नाही.' सरांचे म्हणणे असे, की शिकवणाऱ्यानेच हात वर केले, तर यंत्राने शिकावे काय? भाऊ वाद घालत नसत. ते फक्त कागदाच्या चिठ्ठीवर 'सांगता येत नाही' असे लिहून ती फिल्मला टाचणीने लावत. त्यांचा तो गठ्ठा बाकी दोन्ही गठ्ठ्यांपेक्षा उंच होई. एकदा सरांनी त्यातली एक फिल्म उचलून दिव्यासमोर धरली.

"भाऊ, हे खालचं पांढरं दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की."

"मग रोगट लिहा."

"फासळ्या मोजा, सर. ह्या मानसानं श्वास अर्धाच घेतलाय. अर्ध्या श्वासाला फुप्फुस दबतं, मग खाली पांढरं दिसतंय. ह्यो आजारी हाय का घाबरलेला हाय, ते मला हितनं कळत न्हाई."

सरांनी फिल्म खाली ठेवली. मी मान खाली घालून काम करत राहिले. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, कारण भाऊ बरोबर बोलत होते आणि त्या बरोबर बोलण्याने आमचे काम पुन्हा एक आठवडा मागे गेले होते.

आश्विन लागला, भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या, आणि आमचे यंत्र भाताचा करपा ओळखायला शिकल्याचे एका सकाळी सरांनी जाहीर केले. करप्याने पानावर होडीच्या आकाराचे डाग पडतात, कडा तपकिरी आणि मध्य राखाडी. माझ्या संग्रहातले जे फोटो यंत्राने पूर्वी पाहिलेले नव्हते, त्यांतही त्याने जवळजवळ एकही चूक केली नव्हती. दसऱ्यानंतर ही सोय पेठेतल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर द्यायची, असे ठरून गेले. पान रोगट आले की फवारायचे, निरोगी आले की नाही. मी लोणावळ्याहून शेंगदाण्याची चिक्की आणली. सगळ्यांनी ती खाल्ली. भाऊंनी आपला तुकडा कागदात गुंडाळून खणात ठेवला.

"खा ना, भाऊ," मी म्हटले.

"सही झाल्यावर खाईन."

तीन दिवस त्यांनी सही केली नाही. तीन दिवस ते माझे फोटो पडद्यावर मांडून बसले. निरोगी डाव्या बाजूला, रोगट उजव्या. मधल्या पानाकडे त्यांचे लक्षच नव्हते. ते कोपऱ्यात दिसणाऱ्या पाण्याकडे पाहत, बांधाच्या सावलीकडे पाहत, मागे पुसट दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे पाहत. मी त्यांच्या मागून येरझाऱ्या घालत होते. चौथ्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, "ताई, पेठंला जायचंय. दुपारी दोन वाजता. त्याच्या आदी न्हाई."

दुपारी दोन वाजता खाचरात काय उभे राहवते? पाणी तापून त्याला कुबट वाफ येत होती, पानांची टोके बोटांना सुरीसारखी लागत होती. हिरामावशी पदराने वारा घेत बांधावर बसल्या. त्यांच्या शेजारी खेकड्यांची पाटी होती. संध्याकाळच्या कालवणासाठी त्यांनी खाचरातूनच खेकडे धरले होते. भाऊंनी मला एक पान दाखवले, गडद, तुकतुकीत, ज्यावर शोधूनही डाग नव्हता. मी फोटो काढला. मोबाइल म्हणाला: रोगट. दुसरे पान. रोगट. पाचवे, सहावे, सातवे. मावशींचे सारे खाचर त्या यंत्राच्या मते करप्याने खाल्लेले होते.

"आता हे सगळं फवारायचं व्हय?" मावशींनी विचारले. "मंग माजं खेकडं गेलं की."

भाऊंनी बांधाकडचे एक पान निवडले, ज्याच्यावर करप्याचे चार डाग अगदी उघड होते. आपल्या बाटलीतले पाणी ओंजळीत घेतले आणि बोटांनी त्या पानावर हलकेच शिंपडले. थेंब कडेला ओळीने बसले. मग ते पान त्यांनी स्वतःच्या छत्रीच्या सावलीत धरले आणि मला म्हणाले, "काढा. रोको."

मोबाइल म्हणाला: निरोगी.

छोडो म्हणायचे त्या दिवशीही ते विसरले, आणि मी खरोखरच बराच वेळ श्वास सोडला नाही. कारण मला कळले होते. निरोगी पाने मी सकाळी टिपत असे, दव असताना, कोवळ्या उजेडात, कारण ती तेव्हा सुंदर दिसत. रोगट पाने मी जेवणानंतरसाठी ठेवी. त्यांच्याकडे सकाळी सकाळी पाहावेसे मला वाटत नसे. यापलीकडे त्याला कारण नव्हते. यंत्र करपा शिकलेच नव्हते. ते दव शिकले होते. एक अख्खा हंगाम मी त्याला माझी आवड शिकवली होती, आणि ते बिचारे ती अचूक शिकले होते.

"तुम्हाला कधी कळलं?" परतीच्या वाटेवर मी विचारले.

"पैल्या दिशी. सावल्या एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. पर खात्री नव्हती."

"मग पहिल्याच दिवशी बोलायचं ना, भाऊ! तीन दिवस मी…"

"खात्री नसताना काय सांगू? सांगता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांसमोर उभे होतो. मी वाट पाहत होते, की भाऊ सांगतील. ते माझ्यापेक्षा वडील, सहीचा अधिकार त्यांचा, दोन वाक्यांचे काम. पण ते सरांच्या टेबलावरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. सर म्हणत होते, "थोडंफार असतंच असं. पेठेत शब्द दिलाय. आता देऊ, पुढच्या हंगामात सुधारू." ती पळवाट होती, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला माझी कायम नेमणूक उभी होती. भाऊंचा मला त्या मिनिटाइतका संताप पूर्वी कधी आला नव्हता. मग मीच बोलले. फोटो चुकीच्या वेळी काढले गेले, ते मी काढले, या यंत्राच्या भरवशावर मावशी निरोगी शेत फवारतील आणि आजारी शेत तसेच सोडतील. हे देता येणार नाही. बोलताना माझा आवाज मला परका वाटत होता. सरांनी पेठेत फोन लावला आणि दिलेला शब्द मागे घेतला. माझी नेमणूक आणखी एक वर्ष तात्पुरती राहिली.

बाहेर आल्यावर भाऊंनी वही माझ्यापुढे सरकवली. क्रमांकाच्या रकान्यात 'सगळे' असे लिहिले होते. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: सकाळ. त्यांची सही होती. शेजारची जागा माझी होती.

"आत का बोलला नाहीत?" सही करता करता मी विचारले.

"वहीत दोगांच्या सह्या कशाला असत्यात मंग?" ते म्हणाले, आणि डबा उघडून जेवायला बसले.

पुढच्या हंगामात मी रोगट पाने दवात टिपली आणि निरोगी पाने टळटळीत उन्हात. संध्याकाळी टिपली, ढगांत टिपली, पावसाच्या झडीत भाऊंनी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि पानाला साँस रोखायला सांगितली. सौंदर्याचा मोह मी सोडला असे म्हणणार नाही. मी फक्त त्याला दिवसभर हिंडवले. त्या संग्रहावर शिकलेले यंत्र पहिल्याइतके हुशार निघाले नाही. ते चुकत होते, अडखळत होते, आणि सरांनी अखेर मान्य केलेल्या तिसऱ्या खणात पुष्कळ पाने टाकत होते. भाऊंनी दुपारी दोनला आणि सकाळी सातला, दोन्ही वेळा पेठेत जाऊन ते तपासले.

"आता बरं हाय," ते म्हणाले. "आता चुकतंय ते पानापायी चुकतंय."

सही केली, खण उघडला आणि वर्षापूर्वीचा चिक्कीचा तुकडा बाहेर काढला. गुळाला पाणी सुटून तो कागदाला चिकटला होता, शेंगदाण्यांना खवट वास येत होता. मी "भाऊ, नको" म्हणेपर्यंत त्यांनी तो तोंडात टाकलाही. "सादळली," एवढेच म्हणाले. त्या वर्षी मावशींच्या खालच्या दोन खाचरांत करपा वेळेवर सापडला. वरच्या खाचरांना औषध लागले नाही, आणि खेकड्यांची एक पाटी केंद्रात आली. ती कुणी साफ करायची, यावरून आमचे पुन्हा भांडण झाले.

माझी नेमणूक कायम झाली, तो त्यांचा माझ्यासोबतचा तिसरा आणि अखेरचा हंगाम. एका सकाळी ते पडद्यापुढे नेहमीपेक्षा अधिक वेळ बसून होते. मी मागून म्हटले, "झाले का कोपरे?" ते म्हणाले, "न्हाई. मधलं दिसतंय. कोपरे दिसत न्हाईत." काचबिंदू होता. हा आजार बहुधा कडांकडून नजर खात येतो, आणि मध्यावरच पाहणाऱ्या माणसाला तो फार उशिरा कळतो. कवितेत कुणी असे लिहिले असते, तर हे जुळवून आणलेले आहे म्हणून मीच ते खोडले असते. त्यांना तो लवकर कळला, म्हणून डोळ्यांत औषध टाकून उरलेली नजर टिकली. पण चित्रे तपासण्याचे काम त्यांनी त्याच आठवड्यात थांबवले. आम्ही पुष्कळ विनवले. त्यांनी वहीत शेवटची नोंद केली. क्रमांक: मी. कारण: कडा दिसत नाहीत. सही. शेजारची जागा रिकामी होती. ती कुणी भरायची, हे त्यांनी सांगितले नाही, आणि मीही ती अजून भरलेली नाही. आता ते गावी असतात. रविवारी विहारात जातात, आणि तिथल्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून येतात, असे त्यांची मुलगी सांगते.

गेल्या महिन्यात आईचा खोकला हटेना, म्हणून तिला लोणावळ्यातल्या एका ठिकाणी एक्स-रेसाठी नेले. फिल्म दाखवताना तिथला माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "खाली जरा पांढरं दिसतंय, मॅडम. डॉक्टरांना लगेच दाखवा." मी फिल्म त्याच्या हातातून घेतली. नजर आपोआप वरच्या कोपऱ्याकडे गेली. आईची हनुवटी फिल्ममध्ये आली होती. खांद्याची हाडे बाजूला घेतलेली नव्हती. फासळ्या मोजल्या, तर नेहमीपेक्षा कमी भरल्या. आई यंत्राला घाबरली होती; तिने श्वास अर्धाच घेतला होता.

"परत काढा," मी म्हटले.

त्या माणसाने उसासा टाकला. नाकातून, लांब, शेवटाकडे किंचित थरथरणारा. तो उसासा मी ओळखला. तीन हंगाम तो माझा होता. मी आईला खांदे पुढे घ्यायला सांगितले, हनुवटी वर, श्वास पोटापर्यंत. दाराआड मीही तो धरून उभी राहिले. दुसऱ्या फिल्ममध्ये खालचा भाग स्वच्छ काळा आला.

घरी पोहोचताच भाऊंना फोन केला. आनंदाने माझा आवाज चढलेला होता. "भाऊ, तो डाग गेला."

"गेला न्हाई, ताई. नव्हताच." मग म्हणाले, "दुसऱ्या फिल्मचे कोपरे बगितले का?"

मी बघितले नव्हते. हवे ते मध्यावर दिसले होते, आणि मी तिथेच थांबले होते. "बघते," असे तुटकपणे म्हणून मी फोन ठेवला. मग पाकिटातून फिल्म काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला लावली, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.